खालच्याचा शब्द

उल्हासनगरच्या त्या दुकानात कधी गेलात तर काउंटरच्या मागे, बिलाच्या मशीनच्या वर, भिंतीला एक लॅमिनेट केलेला कागद दिसेल. 'अवजड वस्तू वरच्या मजल्यावर पोचवताना पाळायचे सुरक्षा नियम.' एकूण अकरा. खाली दुकानाचा शिक्का आणि मॅनेजरची सही. तो कागद लॅमिनेट करून आणायला मलाच पाठवलं होतं. झेरॉक्सवाल्याकडे उभा राहून मी ते नियम वाचले आणि माझं डोकं फिरलं. अकराच्या अकरा काकांचे होते. शब्दांना जरा इस्त्री केलेली, 'करावे', 'करू नये' वगैरे, पण माल काकांचा. आणि काकांचं नाव कागदावर कुठेही नव्हतं.

काका म्हणजे आमच्या दुकानाचे सगळ्यांत जुने हमाल. पगाराच्या कागदावर 'लोडर', पण ते स्वतःला हमालच म्हणायचे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, या तीन गावांतल्या लिफ्ट नसलेल्या इमारतींत फ्रिज आणि वॉशिंग मशीन चढवायचं हे त्यांचं काम. त्यांच्या जोडीचा दुसरा माणूस म्हणून मी सहा वर्षं काढली. आधी अंबरनाथच्या एका कंपनीत होतो, ती बंद पडली. तिशी उलटलेली, घरात दोन मुली. मिळेल ते काम धरलं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. पाय बघितले.

"हे काय घातलंय?"

"चप्पल."

"स्लीपर घालून फ्रिज उचलणार? मग आधी बायकोला फोन करून सांग, आज घरी येत नाही म्हणून."

त्या दिवशी त्यांनी मला मालाला हात लावू दिला नाही. मी दिवसभर टेम्पोत बसून होतो आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होतो. संध्याकाळी कॅन्व्हासचे बूट घेतले. दुसऱ्या दिवशी ते बूट बघून म्हणाले, "नाडी आत खोच." बस. कौतुक एवढंच.

त्यांच्या खिशात एक सुतळी असायची, गाठी मारलेली. एक गाठ साध्या फ्रिजची, एक डबल डोअरची, एक वॉशिंग मशीनची. पत्त्यावर पोचलो की टेम्पोचा दोर सोडायच्या आधी काका रिकाम्या हातांनी गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत जाऊन यायचे. जाताना प्रत्येक पायरीवर टाच आपटायची, प्रत्येक वळणावर सुतळी धरायची. खाली आले की सगळं तोंडपाठ. "छत्तीस पायऱ्या. सातवीचा कोपरा उडालाय. दुसऱ्या मजल्याची चौथी बुटकी आहे, पाय फसतो. वळणावर चार बोटं जागा." मी एकदा म्हटलं, "काका, टेप घ्या ना एखादी." तर म्हणाले, "टेप वाचायला उजेड लागतो, चष्मा लागतो. गाठ बोटाला कळते."

त्यांचे वडील अंबरनाथला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. चूक करायची ती पहिल्या दिवशीच करून घ्या, दुसरा दिवस मिळत नाही, असं तिथे नव्या माणसाला सांगायचे म्हणे. काका हे इतक्या वेळा सांगायचे की टेम्पोचा ड्रायव्हर त्यांच्या आधी वाक्य पुरं करायचा.

जिना मोकळा केल्याशिवाय ते माल उचलायचे नाहीत. आमच्याकडच्या इमारतींत जिना म्हणजे सगळ्यांची माळ्याची खोली. चपलांची कपाटं, सायकली, तुळशीच्या कुंड्या, रिकामे सिलिंडर, गणपतीचं मखर. काका दारं वाजवून एकेक वस्तू आत घ्यायला लावायचे. बदलापुरात एका सोसायटीचा सेक्रेटरी अडून बसला. म्हणाला, "तुम्ही हमाल आहात की इन्स्पेक्टर?" काका म्हणाले, "इन्स्पेक्टर नंतर येतो साहेब. मी आधी आलोय." आणि पहिल्या पायरीवर फतकल मारून बसले. दीड तास. शेवटी सेक्रेटरीच्या बायकोनेच कपाट ओढून आत घेतलं. माझ्या त्या दिवशी तीन डिलिव्हऱ्या बाकी होत्या. मला काकांचा इतका राग आला होता की परतताना मी त्यांच्याशी बोललो नाही.

आणि बिल्डरांवर तर त्यांचा दात होता. वळण अरुंद लागलं की वर बघून म्हणायचे, "हा जिना ज्याने बांधला ना, त्याला म्हातारपणी ह्याच जिन्याने खुर्चीत बसवून वर न्यायला पाहिजे. मग कळेल भडव्याला वळण म्हणजे काय ते."

पण काकांचा खरा नियम एकच. बाकीचे दहा त्याच्या पोटात बसतात. माल जिन्यात असताना बोलायचं ते फक्त खालच्या माणसाने. वरच्याने ऐकायचं. खाली ते, वर मी. शब्द चारच. 'घे' म्हणजे चढत राहा, 'थांब' म्हणजे थांब, 'वळ' म्हणजे वळव, आणि 'टेक' म्हणजे खाली टेकव. 'टेक' फक्त सपाट लँडिंगवर, पायऱ्यांवर कधीच नाही. पाचवा शब्द तोंडातून निघाला तर माल घेऊन परत खाली जायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. हे मी दोनदा भोगलंय.

"खालचाच का?" मी विचारलं होतं.

"वरच्याला जिना दिसतो, पण वजन कळत नाही. खालच्याला वजन कळतं, पण दिसत काही नाही. डोळ्यासमोर नुसतं खोकं. ज्याच्या छातीवर माल, त्याचं तोंड चालणार. बाकी सगळे गप्प."

ते स्वतः बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचे. तिसरा मजला. सगळ्या पंचक्रोशीला फ्रिज पोचवणाऱ्या या माणसाच्या घरी फ्रिज नव्हता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सुतळी अडकते म्हणून. काकू चहा पुढे ठेवत चिडून म्हणायच्या, "दुनियेच्या घरी फ्रिज नेऊन ठेवतात आणि माझ्याकडे दूध दिवसातून तीनदा तापतं. शेजारच्यांनी गॅलरीतून दोरीने चढवलाच ना?" काका बशीत चहा ओतत म्हणायचे, "दोरीने माल चढवायचा नाही. खाली कोण उभं असेल सांगता येत नाही." विषय संपला. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली काकूंनी फ्रिजसाठी कोपरा मोकळा सोडला होता. तिथे पिठाचा डबा होता.

आता पूजेचं सांगतो, कारण सगळं तिथूनच बिघडलं.

आपल्याकडे फ्रिज म्हणजे नुसतं यंत्र नसतं, घरात लक्ष्मी येते. दार उघडून बाई ओवाळणीचं ताट घेऊन उभी असते. कुंकवाचं स्वस्तिक, हळद, अक्षता, आणि नवरा नारळ घेऊन. यात वाईट काहीच नाही. पण ताट येतं नेमकं माल शेवटच्या पायऱ्यांवर असताना. "थांबा हां दादा, जरा थांबा," आणि मग आतून काडेपेटी सापडेपर्यंत खालच्या माणसाच्या छातीवर सत्तर-ऐंशी किलो. काका आधी वर जायचे तेव्हाच सांगून ठेवायचे, "ताई, पूजा आत करा. फ्रिज जागेवर बसला की सगळं करा, मीही हात जोडतो. जिन्यात नको." बहुतेक बायका हसून मान डोलवायच्या.

अंबरनाथला एक घर निघालं ज्यांना ते झोंबलं. घरमालकाने काकांच्या शर्टावरच्या निळ्या बिल्ल्याकडे बघितलं आणि बायकोला म्हणाला, "यांच्यात नसतं ना हे सगळं, म्हणून." काका ऐकून न ऐकल्यासारखे झाले. त्या दिवशी मीही त्यांच्यासोबत वर गेलो होतो, मी ऐकलं. त्याच संध्याकाळी दुकानाच्या पानावर इंटरनेटवर तक्रार पडली की तुमचा माणूस आमच्या धर्माचा अपमान करतो, शिवाय जिन्यातल्या वस्तू हलवायला लावून दादागिरी करतो.

शेठने काकांना बोलावलं. शेठ सिंधी, माणूस वाईट नव्हता, पण त्याला भांडण नको असायचं. "अरे भाई, कस्टमर नाराज नहीं होना चाहिए. बाकी तुम लोग देख लो," एवढं बोलून तो फोनला लागला. बाकीचं आमच्या मॅनेजरने बघितलं. आपलाच मराठी माणूस, गोड बोलणारा. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, यापुढे गिऱ्हाइकाला काही सांगायचं नाही. कपाट हलवा नाही, पूजा थांबवा नाही. त्यांना जिन्यात ओवाळायचंय तर ओवाळू दे, दोन मिनिटांनी काय होतं? आणखी एक तक्रार आली तर मला दोघांचाही विचार करावा लागेल." 'दोघांचाही' म्हणताना तो माझ्याकडे बघत होता.

काका तीस वर्षं हे काम करत होते. तीस वर्षांत त्यांच्या जोडीचा एकही माणूस जखमी झाला नव्हता. ते फक्त म्हणाले, "दोन मिनिटांत काय होतं ते मी सांगू?" मॅनेजर हसला आणि निघून गेला.

त्यानंतर महिनाभरातली गोष्ट. अंबरनाथ पूर्वेला, दुपारची वेळ, तिसरा मजला, डबल डोअर फ्रिज. काका नेहमीसारखे सुतळी घेऊन वर जाऊन आले. शेवटच्या वळणावर कोणाचं तरी चपलांचं कपाट होतं. त्यांनी मला सांगितलं, "वळणावर चार बोटं. कपाट आहे म्हणून." आणि माझ्याकडे बघत राहिले. आजवर कपाट हलवायला त्यांनी कोणाची परवानगी घेतली नव्हती. त्या दिवशी ते माझ्यासाठी गप्प बसले, हे मला तेव्हाच कळत होतं. मी म्हटलं, "जाऊ दे काका, निघेल." हे माझं पहिलं पाप.

वळण निघालं. दारापासून तीन पायऱ्या उरल्या असताना दार उघडलं. ताई ताट घेऊन बाहेर, मागे त्यांचे मिस्टर नारळ घेऊन. "दादा, थांबा, तिथेच थांबा. दारातच करायचंय."

खालून काकांचा आवाज आला, "घे."

मला स्वच्छ ऐकू आलं. जिन्यात दुसरा आवाजच नव्हता. 'घे' म्हणजे थांबू नकोस, चढत राहा. पण समोर ताट होतं, डोक्यात मॅनेजरची नजर होती, घरी दोन मुली होत्या. मी थांबलो. शिवाय तोंड उघडून बोललो, "काका, एकच मिनिट." सहा वर्षांत पहिल्यांदा वरचा माणूस जिन्यात बोलला.

मिस्टरांनी नारळ सगळ्यांत वरच्या पायरीच्या कडेवर आपटला. दुसऱ्या फटक्याला फुटला. पाणी पायरीवरून ओघळत माझ्या बुटाखाली आलं.

"घे!" काका पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज फाटला होता.

मी पाय उचलला आणि घसरलो. हातातला पट्टा सुटला. मी वर पायऱ्यांवर पडलो आणि फ्रिज खाली गेला. सुटला तर सोडायचा, फ्रिज दुसरा मिळतो, हाही काकांचाच नियम. त्यांनी सोडला, मागे सरकलेही. पण एका बाजूला भिंत आणि वळणावर ते कपाट. बाजूला व्हायला जागाच नव्हती. ताईंच्या हातातलं ताट पडलं, त्याचा आवाज जिनाभर घुमत राहिला, आणि तो थांबला तेव्हा काका काही बोलत नव्हते.

कमरेचा मणका गेला. जीव वाचला, पाय नाही. त्या ताई हॉस्पिटलात तीन वेळा आल्या, दर वेळी रडल्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं नाही असा हुकूम होता.

मॅनेजर तिसऱ्या दिवशी आला, फळं घेऊन. त्याच्या आधीच्या दिवशी त्याने आम्हा सगळ्या हमालांना बसवून 'काका काय काय सांगायचे' ते फोनमध्ये लिहून घेतलं होतं. आम्हाला वाटलं, चांगलंच आहे, उशिरा का होईना. आता फळांखालून त्याने कागद काढला. त्यात लिहिलं होतं की दुकानाचे सुरक्षा नियम आधीपासून लागू होते. जिन्यात पूजा होऊ न देणं ही खालच्या माणसाची जबाबदारी होती. त्याने वेळीच सूचना दिली नाही, म्हणून अपघात झाला. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव टाइप करून तयार.

मी कागद दोनदा वाचला. अपघात आधी, नियम नंतर. ज्याने नियम शिकवले त्याचं तोंड यानेच बंद केलं, आणि आता म्हणतो, हा बोलला नाही.

मी म्हटलं, "हे खोटं आहे. काका 'घे' म्हणाले होते. दोनदा."

मॅनेजर अगदी हळू म्हणाला, "मग थांबला कोण? तूच ना? तसं लिहू का?"

कॉटवरून काका म्हणाले, "सही कर."

"काका..."

"मला आता कोण कामावर ठेवणार आहे? तुझ्या घरी दोन पोरी आहेत. खाली मी होतो. कर सही."

मॅनेजरने खिशातलं पेन काढून पुढे केलं. मी सही केली. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी मला तो नियमांचा कागद देऊन लॅमिनेशनला पाठवलं.

दीड महिन्याने काकांना घरी सोडलं. रिक्षा हेंद्रेपाड्यात त्यांच्या इमारतीखाली थांबली आणि काकू जिन्याकडे बघत उभ्या राहिल्या. तीन मजले. आम्ही दुकानातले चौघं आलो होतो. शेजाऱ्यांनी हातांची प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. काकांनी शर्टाच्या खिशातून सुतळी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "मोजून ये."

मी रिकाम्या हातांनी वर गेलो. टाच आपटत. एकोणचाळीस पायऱ्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सुतळी धरली. फ्रिज अडकायचा तिथेच खुर्चीही अडकणार होती. खाली येऊन सांगितलं, "वळणावर खुर्ची निघत नाही. तिथे टेकवून तुम्हाला पाठीवर घ्यावं लागेल." काकांनी मान हलवली. बिल्डरला शिवी दिली नाही. मला तेच जास्त लागलं.

तिघं वर, मी खाली. उचलल्याबरोबर दारादारांतून आवाज सुरू झाले. "डावीकडून घ्या." "अहो, पाय धरा त्यांचे." "जरा तिरकी करा." मी ओरडलो, "सगळे गप्प! आत जा आणि दारं लावा! खाली मी आहे!" आयुष्यात इतक्या जोरात मी कधी बोललो नव्हतो. दारं लागली. वरचे तिघंही बिचकले आणि गप्प झाले.

"घे," मी म्हणालो.

खुर्चीच्या पाठीपलीकडे मला काहीच दिसत नव्हतं. पुढची पायरी नाही, वरची माणसं नाहीत, नुसता काकांच्या मानेचा मागचा भाग. छातीवर वजन. त्या दुपारी काकांना हेच दिसत होतं, एक खोकं. आणि त्यांनी 'घे' म्हटल्यावर वरून उत्तर आलं होतं, एकच मिनिट. मला त्या जिन्यात स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पण हात मोकळे नव्हते.

काका सगळा वेळ हात मांडीवर ठेवून, तोंड मिटून बसले होते. तीस वर्षं जिन्यात हुकूम सोडणारा माणूस. एकदाही हूं की चूं नाही. माल बोलत नाही, एवढंच त्यांनी पाळलं. दुसऱ्या मजल्यावर मी 'टेक' म्हणालो, त्यांना पाठीवर घेतलं, 'वळ', 'घे', आणि आम्ही पोचलो.

कॉटवर निजवल्यावर काकूंनी पाणी दिलं. काका दोन घोट प्यायले आणि म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर 'टेक' उशिरा बोललास." बाकीचे हसले, चहाला खाली गेले. मी पायाशी बसून होतो. मग छताकडे बघत, प्रत्येक डिलिव्हरीनंतर टेम्पोत बसून बोलायचे त्याच आवाजात, ते म्हणाले, "पण वरच्यांनी ऐकलं. ऐकलं म्हणून पोचलो."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी सहन केला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी मी दुकानाबाहेर उभा होतो. शेठ आला, मॅनेजर आला. दोघांच्या समोर मी सांगितलं, "काका 'घे' म्हणाले होते. दोनदा. मी थांबलो. आणि तुम्ही त्यांचं तोंड बंद केलं होतं म्हणून थांबलो. माझी सही खोटी आहे. हे आत्ता माझ्यासमोर लिहून घ्या." शेठ जमिनीकडे बघत राहिला. मॅनेजर म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." मी म्हटलं, "येत नाही. आधी लिहून घ्या."

त्याने या वेळी खिशातलं पेन काढलं नाही. म्हणून मी लिहितोय.